मळाचं माप

सकाळी पावणेआठला उज्वलाने एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात फिनेलची बाटली धरून सासऱ्यांना विचारलं, "बाबा, यातलं काय देऊ?" आणि सहादूबाबा म्हणाले, "चालेल." यात कट वगैरे काही नव्हता. फरशी पुसायची होती म्हणून फिनेल, बाबांना द्यायचा होता म्हणून चहा, आणि सकाळपासून घरात कुणी हसलं नव्हतं म्हणून प्रश्न. ती हसली, चहा त्यांच्या चोचीच्या कपात ओतला आणि फिनेल बादलीत. वाल्मीक बेसिनपाशी दात घासत होता. तोंडात फेस असल्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही. फेस थुंकून त्याने वर बघितलं. आरशात त्याला स्वतःच्या खांद्यावरून बाबा दिसत होते, व्हीलचेअरमध्ये एका बाजूला कललेले, गळ्याशी रुमाल, चेहऱ्यावर पास झालेल्या मुलाचं समाधान. त्याला खुपला तो शब्द नव्हे. तो शब्द घरात दिवसातून शंभरदा व्हायचा. खुपला त्यातला 'चा'. चा लांब होता. चांगला ऐसपैस, ओढून म्हटलेला, चाऽलेल. आणि वाल्मीकचं गेले नऊ महिने आतल्या आत जे काही बरं चाललं होतं, ते सगळं अशाच एका लांब 'चा'वर उभं होतं.

अकरा महिन्यांपूर्वी सहादूबाबांना झटका आला. त्यात त्यांची उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. भाषा सगळीच्या सगळी गेली असती तर निदान काय गेलं ते नीट कळलं असतं. पण घर जळून खाक झाल्यावर राखेत कधीकधी एखादी चमच्यांची बरणी ठणठणीत सापडते, तसा एक शब्द मागे राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं. कुणाचा एखादा आकडा राहतो, कुणाची शिवी राहते, त्यांच्याकडे येणाऱ्या एका बाईंचा नुसता 'मंगळवार' राहिला होता. बाबांचा 'चालेल' राहिला. त्यांना समजतं का पण? "समजत असेलही," डॉक्टर म्हणाले, आणि पेनाला टोपण लावता लावता म्हणाले, "नसेलही." शेजाऱ्यांनी जवळजवळ अभिनंदनच केलं. बाई मंगळवारवर अडकली, तुमचं नशीब चांगलं, शब्द तरी संसारी निघाला. ते खोटं नव्हतं. खिचडी देऊ? चालेल. पंखा वाढवू? चालेल. कूस बदलू, लंगोट बदलू, चॅनल बदलू? चालेल, चालेल, चालेल. एकदा हवापालट म्हणून त्यांना खुर्चीसकट सोसायटीच्या मीटिंगला नेलं, तर तीन वर्षं रखडलेला पाण्याच्या टाकीचा ठराव सात मिनिटांत पास झाला. गेल्या सप्टेंबरात शेवटची मिग विमानं निवृत्त झाली तेव्हा टीव्हीवर तो सोहळा दाखवत होते. विमानं जमिनीवरून सावकाश चालली होती आणि निरोप म्हणून दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर पाण्याचे फवारे उडत होते. वाल्मीक रजा काढून बाबांच्या चेहऱ्याकडे बघत बसला होता. बाबा गप्प होते. मग जाहिरात लागली, संडास चकचकीत करायच्या औषधाची, आणि बाबा म्हणाले, "चालेल."

याच माणसाचा जन्मभराचा शब्द 'नाही चालणार' होता, हे सांगितलं तर आता कुणाला पटणार नाही. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. नवी विमानं करणाऱ्यांचा रुबाब वेगळा. बाबा होते जुनी विमानं ओव्हरहॉलला, म्हणजे उघडून दुरुस्तीला, येत त्या शॉपात. वर्षानुवर्षं उडून दमलेलं मिग यायचं, त्याचे कपडे काढावेत तसे सगळे भाग सुटे व्हायचे, आणि बाबांच्या वाट्याला यायचं कॉकपिट, म्हणजे पायलट बसतो ती अरुंद खोबण. ती धुवायची, पुसायची, कोपऱ्याकोपऱ्यातला मळ काढायचा. पुढे ते इतरांनी पुसलेलं तपासायला लागले. तर्जनीला पांढरं फडकं गुंडाळायचं, कडेकडेने फिरवायचं आणि बोट उजेडात धरायचं. फडकं पांढरं तर पुढचं काम. नाहीतर नाही चालणार. हे बोट संध्याकाळी फडक्याशिवाय घरी यायचं. दुसरीत असताना वाल्मीकने विमानाचं चित्र काढून दाखवलं होतं. बाबांनी विचारलं, "हे खाली काळं काय आहे?" "सावली, बाबा." "विमान उडतंय ना? मग सावली त्याच्या पोटाला कशी चिकटली?" आणि बोट कागदावर ठेवून, "नाही चालणार." दहावीचे टक्के नाही चालणार होते. सातपूरची नोकरी नाही चालणार होती. लग्नात त्यांनी आंतरपाट उलटसुलट करून बघितला आणि डाग दाखवून भटजींना म्हणाले, नाही चालणार. मुहूर्त चार मिनिटं हुकला. आई होती तोवर या भाषेचं भाषांतर व्हायचं. विठाबाई पोळ्या लाटता लाटता सांगायच्या, "अरे, नाही चालणार म्हणाले म्हणजे नीट बघितलं त्यांनी. न आवडलेल्या गोष्टीकडे ते बघतसुद्धा नाहीत." चार वर्षांपूर्वी आई गेली आणि मूळ संहिताच तेवढी उरली.

त्याच सुमाराला वाल्मीक विमानं करायला लागला. प्लास्टिकची, खऱ्याच्या एकास अठ्ठेचाळीस. लोकांना वाटतं ही मुलांची खेळणी. तसं म्हणणाऱ्याशी तो वाद घालत नसे, कारण वाद घातला की माणूस 'मग उडवून दाखव ना' म्हणतो. त्याला पंखांचं काही पडलेलं नव्हतं. त्याचा जीव कॉकपिटात असायचा. काडेपेटीहून लहान डबी, त्यात सीट, काठी, पेडल, शंभरेक बटणं, आणि हे सगळं रंगवून झालं की ते फार वाईट दिसतं. नवं दिसतं. कुणी कधी बसलंच नसल्यासारखं. मग त्याला वॉश द्यायचा. वॉश म्हणजे थिनरमध्ये इतका पातळ केलेला गडद रंग की तो रंग नसून संशय वाटावा. ब्रशच्या टोकावर थेंब घ्यायचा आणि कोपऱ्याला नुसता टेकवायचा. तो आपला आपण खाचेतून धावत जातो, बटणांच्या बुडाशी, सांध्यांत, सीटच्या शिवणीत, जिथे जिथे खऱ्या विमानात मळ साचला असता तिथेच जाऊन बसतो. अर्ध्या तासाने कापसाची काडी थिनरमध्ये बुडवून वरवरचा पुसायचा. खाचेतला राहतो. आणि एकाएकी त्या डबीत कुणीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. आयुष्यात ही एकच गोष्ट अशी होती जी वाल्मीकने न सांगता योग्य जागी जायची.

बाबा धडधाकट असताना त्याने पहिलं विमान त्यांना दाखवलं होतं. बाबांनी चष्मा वर करून आत बघितलं. "आत घाण आहे." "मुद्दाम केलीय, बाबा. त्याला वॉश म्हणतात." "वॉश?" "हो." "वॉश म्हणजे धुणं." "यात वॉश म्हणजे मळवणं." बाबांनी चष्मा खाली केला. बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, मुलगा इंग्रजीत कच्चा होता की इमानात, असं. "म्हणजे तू घाण करतोस आणि त्याला धुणं म्हणतोस." "हो." "नाही चालणार." मग झटका आला, दोन महिने दवाखान्यात आणि घरात गेले, आणि वाल्मीकने दुसरं विमान त्यांच्यापुढे धरलं. का धरलं कोण जाणे. हात रिकामे होते आणि बोलायला काही नव्हतं म्हणून. बाबांनी बघितलं आणि म्हणाले, "चाऽलेल." त्या वेळी हा शब्द सगळ्यालाच निघतो हे त्याला पुरतं माहीत होतं. तरी तो बाथरूममध्ये गेला, बादलीखाली नळ सोडला आणि अडतीस वर्षांच्या माणसाने रडावं तसं, म्हणजे आवाज न करता पण नाक वाहेपर्यंत रडला, इतका की उज्वला बाहेरून ओरडली, "अहो, टाकी संपली!" बाकीचे चालेल वेगळे, हा वेगळा. याचा चा लांब होता. लांब 'चा'मागे माणूस असतो. या शोधावर नऊ महिने निघाले, आणि आज सकाळी फिनेलचा चा त्याहूनही लांब निघाला.

सातपूरला जाताना त्याने मोटरसायकलवर हिशोब मांडला आणि तो दोन्हीकडून खोटा येत होता. बाबांना समजत नसेल, तर विमानाचा चालेल गेला; कुकरच्या शिट्टीला मिळतो तसा मिळालेला तो एक आवाज. आणि समजत असेल, तर विमानाचा चालेल खरा, पण मग फिनेलचाही खरा. मग एक शहाणा माणूस अकरा महिने त्या खुर्चीत बसून खिचडीला, लंगोटाला, संडासाच्या जाहिरातीला आणि फिनेलला समजून उमजून हो म्हणतो आहे. यातलं कुठलं असावं अशी इच्छा करायची, हेही त्याला ठरवता येईना. एबीबी सर्कलला सिग्नल हिरवा झाला तरी तो उभाच होता. मागचा रिक्षावाला म्हणाला, "काका, यापेक्षा जास्त हिरवा नाही होत तो."

कंपनीत त्याचं काम म्हणजे वीज मंडळाच्या पेट्यांची रंगवलेली दारं तपासणं. दारावर कण, ओघळ, बोटाचा ठसा दिसला तर लाल चिठ्ठी, नाहीतर हिरवी. नाकारलेला माल पिवळ्या पट्ट्याच्या आत. दिवसभर तो डाग हुडकून माल नापास करायचा आणि घरी येऊन एका केसाच्या ब्रशने डाग पाडायचा. यात विसंगती आहे असं त्याला कधी वाटलं नाही, कसायाच्या घरी पोपट असतोच की. पण त्या दिवशी त्याने प्रयोग केला. दार आलं की मनात म्हणायचं, चालेल. हिरवी. एकावर चक्क माशी चिकटून रंगली होती, पंखांसकट, राखाडी. चालेल. संध्याकाळी सुपरवायझर नवनाथ त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय वाल्मीकशेठ, आज लय मनावर घेतलं! शून्य रिजेक्शन. असं पाहिजे पॉझिटिव्ह." सगळ्या जगाला हाच शब्द हवा आहे आणि तो यायला मेंदूचा अर्धा भाग मरावा लागतो, एवढंच त्यातून निघालं. सोमवारी दारं परत आली, माशी धरून.

शनिवारी सुट्टीला रावजी आले. रावजी म्हणजे बाबांचे शॉपातले जोडीदार, सायखेड्याचे, आता तिथेच टोमॅटो लावतात. येताना पेरू आणतात आणि स्वतःच खातात. खुर्ची ओढून त्यांनी बाबांच्या गुडघ्याला गुडघा लावला. "काय सहादू, वळखलं का?"

"चालेल."

"बघा, वळखतोय! तीस वर्षं एका शॉपात व्हतो, यानं मला कधी व्हय म्हणलं नाय. आता बघा कसा गोड झालाय." मग उज्वलाकडे वळून, "मी बायकोला इचारलं, मला झटका आला तर माझं काय ऱ्हाईल गं? ती म्हणली, 'वाढ' ऱ्हाईल. निस्तं वाढ, वाढ." उज्वला पदराने डोळे पुसत हसली. बाबा म्हणाले, "चालेल." रावजी म्हणाले, "तुला काय जातंय चालायला, वाढायचंय तिला."

वाल्मीकने तेव्हा विचारलं. आठवडाभर त्याच्या मनात जे चाललं होतं ते इतकं सरळ होतं की वेडेपणाच वाटावा. चालेलवरून काही सिद्ध होत नाही, कारण चालेल सगळ्याला मिळतो. सिद्ध होईल ते न मिळालेल्या चालेलवरून. एकदा, एकाच गोष्टीला बाबांनी नकार दिला पाहिजे. मानेने, डोळ्यांनी, कसाही. मग कळेल की आत तपासणारा माणूस जिवंत आहे. आणि बाबांनी हमखास नाकारावी अशी जगात एकच गोष्ट होती. जन्मभर ज्या माणसाचा एक होकार मिळावा म्हणून तो झुरला, त्याचा आता त्याला नकार हवा होता, आणि त्यासाठी कष्ट करायची त्याची तयारी होती. "रावजीकाका," तो म्हणाला, "मिगच्या कॉकपिटात मळ नेमका कुठे साचायचा?"

"मळ? कुठं नसायचा ते इचार." रावजींनी पेरूची फोड खाली ठेवली. हा प्रश्न त्यांना बारा वर्षांत कुणी विचारला नव्हता. "पेडलावर बुटाची माती. डाव्या अंगाला लिव्हर असायचं, त्याच्या बुडाशी हातमोज्याचा मळ, तेलकट. सीटच्या दोन्ही काठांवर रंग उडायचा, चढता-उतरता. आन खांद्याचे पट्टे. पट्ट्यावर मीठ."

"मीठ?"

"घामाचं. पांढरं, असं नकाशावानी. आम्ही काय, फडकं मारायचो. पन तुझा बाप आधी बोट लावून बघायचा. एकदा म्हणला, रावजी, हितं माणूस भेला व्हता बघ. म्या म्हणलं तुला काय म्हाईत, उन्हाचा घाम आसंल. तर म्हणला, उन्हाचा घाम सगळीकडं आसतो, हा एका जागी हाय."

वाल्मीकला हे माहीत नव्हतं. बाबांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या मनात एकतीस वर्षांच्या त्या रिकाम्या सीटा ओळीने उभ्या राहिल्या, प्रत्येकीवर कुठल्यातरी अनोळखी पोराच्या भीतीचा पांढरा नकाशा, आणि त्यावर टेकलेलं बाबांचं बोट. "मग काय करायचे बाबा?"

"मग काय," रावजी म्हणाले. "पुसून टाकायचा. तेच तर काम व्हतं." आणि बाबांच्या मांडीवर थाप मारून, "सहादू, आठवतंय का मिठाचं?"

"चालेल."

तीन आठवडे लागले. मिगच्या कॉकपिटाचा रंग एक विचित्र हिरवट निळा असतो, सरकारी दवाखान्याच्या भिंतीला समुद्राची आठवण यावी असा; तो जमायलाच चार संध्याकाळी गेल्या. बटणं त्याने टूथपिकच्या टोकाने एकेक रंगवली. सीटच्या काठांवर शिसपेन्सिलीने उडालेला रंग दाखवला. या मापात बाबा साडेतीन सेंटिमीटर भरतात, हे त्याने एकदा पट्टीवर मोजून बघितलं आणि मग ते मोजल्याची लाज वाटली. त्रास धुळीचा होता. माणूस, सीट, बटण, सगळं अठ्ठेचाळीस पट लहान करता येतं, पण धूळ लहान मिळत नाही. घरातला एक कण उडून पेडलावर बसला की तिथे उकडीचा मोदक पडल्यासारखा दिसायचा. म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, श्वास बेताचा. उज्वला दारातून बघायची. एकदा म्हणाली, "घरात एवढी घाण पडलीय खरी, ती सोडून खोटी कशाला करता?" आणि उत्तराची वाट न बघता बाबांचा टॉवेल भिजवायला गेली. तिचंही बरोबर होतं. त्या घरात मळ काढायचं सगळं खरं काम तीच करत होती. वाल्मीकला ते दिसत होतं, आणि दिसत असूनही तो पट्ट्यावरच्या मिठासाठी पांढऱ्यात कणभर पिवळा मिसळत होता, कारण निव्वळ पांढरं मीठ खोटं वाटतं. खांद्याच्या पट्ट्यावर, एकाच जागी. ते जमलं. साडेतीन सेंटिमीटरचा एक मुलगा तिथे बसून घाबरून गेला होता, यात शंका नव्हती. त्याला वाटलं, आपण कुणाचा घाम काढतोय? पण तो विचार तिथेच सुटला.

मधल्या काळात बाबांचं जेवण कमी झालं. दुसरी वाटी देऊ का म्हटलं तर चालेल म्हणायचे आणि तोंड उघडायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता असं होत राहील. वाल्मीकने विचारलं, किती दिवस? डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. तेव्हापासून तो रोज रात्री उशिरापर्यंत डबीवर बसू लागला. जे विचारायचं ते विचारून घ्यायला हवं होतं, आणि विचारायची भाषा त्या काडेपेटीएवढ्या डबीत होती.

चौथ्या शनिवारी दुपारी उज्वला बहिणीकडे गेली. वाल्मीकने व्हीलचेअर खिडकीशी आणली, समोर टेबल सरकवलं, थिनरची झाकणी, कापसाच्या काड्या, वॉशची बाटली. शेवटचा वॉश बाबांच्या डोळ्यांदेखत द्यायचा असं त्याने ठरवलं होतं. तपकिरी. काळा नाही, काळा मळ फक्त चित्रात असतो. त्याने कॉकपिट डाव्या अंगठ्या-तर्जनीत धरलं आणि लिव्हरच्या बुडाशी थेंब टेकवला. थेंब धावला. पॅनेलच्या कडेने, कोपऱ्यात वळून, पेडलाच्या मागे, दिसेनासा होऊन पुन्हा सीटखालून बाहेर. बाबांचे डोळे त्याच्या मागोमाग गेले. की तसं वाटलं. ऊन त्यांच्या निकामी हातावर पडलं होतं आणि तो हात उन्हात ठेवलेल्या वस्तूसारखा दिसत होता. वाल्मीक खाचेमागून खाच भरत गेला. वॉश त्याच्या बोटांवरून ओघळत होता, अंगठ्याच्या रेघांत शिरत होता. तीन आठवड्यांत तिथे त्याचे थरावर थर बसले होते. झाल्यावर त्याने डबी बाबांच्या तोंडासमोर धरली. "बाबा, बघा. मिगचं कॉकपिट. ओव्हरहॉलला आलंय. मळलंय बघा किती."

एरवी शब्द लगेच यायचा, भिंतीवर मारलेला चेंडू यावा तसा. या वेळी आला नाही. वाल्मीकने वाट बघितली. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. बाबांचा डावा हात मांडीवरून उठला, टेबलापर्यंत आला. त्यांनी काड्यांच्या डबीतून एक काडी घेतली. झाकणीत बुडवली. काठावर टेकवून जास्तीचं थिनर निथळू दिलं. हे निथळवणं वाल्मीकने बघितलं आणि डबी आणखी पुढे धरली, कारण ते कुणी शिकवल्याशिवाय कुणी करत नाही.

बाबांनी पुसायला सुरुवात केली. वरून खाली, मागून पुढे. आधी कठडे, मग डावं पॅनेल, मग उजवं, काडी मळली की ती बाजूला ठेवून दुसरी. मधेच अडखळणं नाही, शोधणं नाही. डावा हात परका होता, पण क्रम पाठ होता. हिरवट निळा खालून वर येऊ लागला. बुटांची माती गेली. हातमोज्याचं तेल गेलं. शिसपेन्सिलीचे ओरखडे त्यांनी जरा जास्त जोर देऊन घासले. एक लिव्हर वाकलं, ते नखाने सरळ केलं. वाल्मीकने डबी घट्ट धरून ठेवली होती आणि त्याला एकदाही वाटलं नाही की थांबवावं. पट्ट्याशी आल्यावर बाबा थांबले. काडी खाली ठेवून त्यांनी मिठावर बोट टेकवलं. त्या बोटाच्या पेराएवढी ती अख्खी सीट होती. किती वेळ, ते सांगता येणार नाही. स्कूटर तोवर चालू होऊन गेली होती. मग नवी काडी घेऊन त्यांनी ते पुसलं. तीन आठवडे चाळीस मिनिटांत गेले. शेवटी त्यांनी गळ्याचा रुमाल ओढला, त्याचं टोक दातात धरून कसंबसं तर्जनीला गुंडाळलं, कडेकडेने फिरवलं आणि बोट खिडकीच्या उजेडात धरलं. पांढरं.

"चालेल," बाबा म्हणाले. चा आखूड होता. शब्दही नव्हता तो, सही होती.

म्हणजे आत माणूस आहे. सगळं समजतं. इतके महिने सगळं समजत होतं. वाल्मीकला आनंद झाला. तो खरोखरच झाला, आणि खुर्चीच्या पाठीला पाठ टेकायला जेवढा वेळ लागतो तेवढा टिकला, कारण तेवढ्यात बाबांनी त्याचं मनगट पकडलं. पकड अजून होती. त्यांनी त्याचा हात उजेडाकडे ओढला आणि अंगठा बघितला. अंगठ्याच्या रेघारेघांत तपकिरी बसलं होतं, नखाच्या बुडाशी, सांध्याच्या घडीत, एकही रेघ न चुकता. एवढा सुरेख वॉश त्याला आजवर कुठल्या कॉकपिटात जमला नव्हता. बाबांनी काडी घेतली. झाकणीत बुडवली, निथळवली, आणि अंगठा पुसू लागले. थिनर गार लागलं, मग चुरचुरलं. बाबांनी त्याचा हात शेवटचा कधी धरला होता हे तो आठवू लागला, आणि ती आठवण कुठे नव्हतीच. "राहू द्या, बाबा," तो म्हणाला. "ते असं निघत नाही. आठ-दहा दिवसांनी आपलं आपण जातं." बाबा पुसत राहिले. एक काडी, दुसरी, पाचवी. वरचं निघालं. रेघांतलं राहिलं. ते राहतंच, तो तर त्या पद्धतीचा गुण आहे. बाबांनी रुमाल पुन्हा बोटाला गुंडाळला, अंगठ्यावरून एकदा फिरवला आणि उजेडात धरला.

रुमालावर तपकिरी रेघ उमटली होती. बाबांनी ती बघितली, नीट बघितली. वाल्मीक थांबला. दिवसातून शंभरदा, मागितला तर आणि न मागितला तरी, खिचडीला आणि पंख्याला आणि सोसायटीच्या टाकीला मिळणारा तो शब्द यायची त्याने वाट बघितली. ऊन टेबलावरून थोडं सरकलं. "चालेल ना, बाबा?" तो म्हणाला. आवाज दुसरीतला निघाला.

बाबांचं तोंड मिटलेलं होतं. त्यांनी वाल्मीकचा हात मनगटाशी धरून उचलला, पुसलेल्या कॉकपिटापासून लांब, टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेला आणि तिथे ठेवून दिला. मग ते खिडकीबाहेर बघायला लागले. वाल्मीकने हात तिथेच राहू दिला. नाकारलेला माल तपासणाऱ्याने सांगितल्याखेरीज जागचा हलवायचा नसतो, एवढं त्यालाही कामावरून माहीत होतं.